सुटकेनंतरचा पत्ता

कॅलिफोर्नियाच्या तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्याच्या हातावर सरकार दोनशे डॉलर ठेवतं. ही रक्कम १९७० च्या दशकात ठरली आणि महागाई कुठल्या कुठे गेली तरी तिथेच राहिली. अंगावर घालायला स्वतःचे कपडे नसतील तर कपड्यांचे आणि न्यायला कोणी आलं नसेल तर बसच्या तिकिटाचे पैसेही त्यातूनच कापले जातात. लॉस एंजलिसला जाणाऱ्या कैद्यांना ही बस वर्षानुवर्षं शहराच्या मध्यभागी, सातव्या रस्त्यावरच्या स्थानकात सोडत असे. तिथून स्किड रो पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जवळपास पन्नास ब्लॉकची ही वस्ती, आणि तिच्या फुटपाथांवर तंबूच तंबू. बेघरांसाठीच्या सगळ्या सोयी या एकाच भागात एकवटायच्या, म्हणजे उरलेल्या शहराला उपद्रव नको, हे तिथल्या महापालिकेने १९७६ मध्ये स्वीकारलेलं धोरण. बसमधून कोण उतरतंय हे पाहत दलाल आणि गर्द विकणारे स्थानकाबाहेर थांबलेले असत. नुकती सुटलेली बाई ओळखायला त्यांना वेळ लागत नसे.

सुसान बर्टन यांना हे सगळं ऐकून माहीत नव्हतं. त्या सहा वेळा तुरुंगात जाऊन आल्या होत्या. १९९८ साली त्यांनी दक्षिण लॉस एंजलिसमधल्या वॉट्स या भागात एक लहानसं बैठं घर घेतलं, खोल्यांमध्ये एकावर एक झोपायचे पलंग टाकले आणि त्या बसस्थानकावर जाऊन उभ्या राहिल्या. उतरणाऱ्या बायकांपैकी काही जणी तुरुंगातल्या ओळखीच्या असत. दलालाने गाठण्याआधी आपण गाठायचं आणि घरी चल म्हणायचं, एवढंच सुरुवातीचं काम. ‘अ न्यू वे ऑफ लाइफ’ ही संस्था अशी सुरू झाली. परवाना, कार्यालय, संचालक मंडळ हे सगळं मागाहून आलं.

वॉट्स हे नाव अमेरिकेत दोन गोष्टींसाठी माहीत आहे. एक म्हणजे १९६५ चा उद्रेक. सहा दिवस चाललेल्या त्या दंगलीत ३४ माणसं गेली. दुसरी गोष्ट सायमन रोडिया या इटालियन मजुराने एकट्याने तेहेतीस वर्षं खपून लोखंडी सळया, सिमेंट आणि फुटक्या बरण्या-बाटल्यांच्या तुकड्यांतून उभारलेले मनोरे. बर्टनबाईंचा जन्म १९५१ चा, लॉस एंजलिसमधलाच, आणि बालपण तिथल्या गरीब सरकारी वसाहतीतलं. बालपणीच्या अत्याचारांबद्दल त्यांनी ‘बिकमिंग मिस बर्टन’ या आत्मचरित्रात आडपडदा न ठेवता लिहिलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा पाच वर्षांचा मुलगा रस्ता ओलांडताना एका पोलीस अधिकाऱ्याच्या व्हॅनखाली सापडून गेला. पोलीस खात्यातून कोणी साधी विचारपूसही केली नाही, असं त्या सांगतात. त्या प्रथम दारूकडे वळल्या आणि मग क्रॅककडे.

क्रॅक म्हणजे खाण्याच्या सोड्यात शिजवून खडे केलेलं कोकेन. स्वस्त, आणि चिलमीतून ओढलं की काही सेकंदांत चढणारं. गोऱ्या वस्त्यांतलं कोकेन पावडरीचं आणि काळ्या वस्त्यांतलं खड्यांचं, असा ढोबळ भेद त्या काळात होता. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने तो शिक्षेतही आणला. पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच मिळायला पावडर पाचशे ग्रॅम लागे. हे शंभरास एक प्रमाण २०१० साली अठरास एकवर आलं, पण एकास एक झालं नाही. बर्टनबाई राज्याच्या तुरुंगात होत्या, त्यामुळे हे कलम थेट त्यांना लागलं नाही. पण पोलीस, वकील आणि न्यायाधीश त्याच हवेत श्वास घेत होते. त्या पुन्हापुन्हा कोर्टापुढे गेल्या आणि दर वेळी शिक्षा झाली. मूल गेलेल्या बाईला उपचारांना पाठवावं, हे कोणालाही सुचलं नाही.

उपचार मिळाले ते १९९७ मध्ये, सांता मोनिका या समुद्रकाठच्या सधन गावातल्या क्लेअर फाउंडेशन या केंद्रात. व्यसन सुटण्याइतकीच महत्त्वाची एक गोष्ट तिथे घडली. आपण ज्यासाठी तुरुंगात वर्षं काढली तेच करताना पकडलेली माणसं इथे बैठकांना हजर राहिल्याच्या सह्या घेतात आणि घरी जातात, हे त्यांना दिसलं. राज्य तेच आणि गुन्हाही तोच, फक्त पिनकोड वेगळा. पुढच्या सगळ्या कामात करुणेबरोबर जो राग दिसतो, त्याचं मूळ मला इथे वाटतं. त्या रागाशिवाय हे घर एक चांगलं आश्रयस्थान होऊन थांबलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी वृद्धांची शुश्रूषा करण्याचं काम धरलं. त्याचा रीतसर परवाना घ्यायला गेल्या तर जुनी शिक्षा आड आली. त्या नोकरीतून साठवलेल्या पैशांवर वॉट्सचं घर उभं राहिलं.

असं घर नेमकं काय करतं? व्यसनमुक्ती केंद्रात शरीर स्वच्छ होतं. तुरुंगातही अनेकदा होतं, सक्तीने का होईना. धोका सुरू होतो तो दार उघडल्यावर. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या तीस हजारांहून अधिक सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण बाकीच्या नागरिकांच्या जवळपास तेरापट होतं आणि अतिसेवनाने येणाऱ्या मृत्यूचं १२९ पट. कारण सरळ आहे. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, मेंदूची ओढ मात्र शाबूत असते. पूर्वी झेपणारी मात्रा आता जीव घेते. बसस्थानकावर गाठण्याची घाई उगाच नव्हती.

दोन आठवडे निभावले की कागदपत्रांचा डोंगर समोर येतो. ओळखपत्र हरवलेलं असतं. ते काढायला जन्मदाखला लागतो, दाखला मागवायला पत्ता लागतो, आणि पत्ता तर नाहीच. नोकरीच्या अर्जावर ‘कधी शिक्षा झाली आहे का’ असा चौकोन असे, तो सुटलेल्या कैद्यांच्या चळवळीच्या रेट्याने कॅलिफोर्नियात बऱ्याच अंशी हटला. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना शिधापत्रिकेसारखी मदत आणि रोख अनुदान जन्मभरासाठी नाकारलं होतं. खुनाची शिक्षा भोगून आलेल्याला मात्र ही बंदी नव्हती. राज्यांना ती उठवण्याची मुभा होती. कॅलिफोर्नियाने ती पूर्णपणे उठवायला २०१५ उजाडलं.

आणि मुलं. बाई तुरुंगात गेली की मुलं नातेवाइकांकडे किंवा सरकारने नेमलेल्या पालकांकडे जातात. १९९७ च्या कायद्यानुसार मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने अशा सांभाळात राहिलं, तर आईचा हक्क कायमचा संपवण्याची कारवाई राज्याने सुरू करायची, काही अपवाद सोडून. हेतू चांगला होता, मुलांनी वर्षानुवर्षं लोंबकळत राहू नये. पण दीड वर्षाची शिक्षा झालेली बाई सुटते तेव्हा मुदत बहुधा उलटून गेलेली असते. उलटली नसेल तर न्यायाधीश विचारतात, राहायला घर कुठे आहे? आणि कुटुंबासाठीच्या सरकारी घराच्या रांगेत विचारतात, मूल कुठे आहे? व्यसन सोडणाऱ्या बाईला परत पाडायला यापेक्षा चांगला सापळा कोणी मुद्दाम रचला नसता. वॉट्सच्या घरात बायकांना मुलांसह राहता येतं, आणि कोर्टात दाखवायला पत्ता असतो. संस्थेचे वकील, आणि त्यांच्याबरोबर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील विधी शाखेचे विद्यार्थी, जुन्या शिक्षांच्या नोंदी कमी करून घेण्यासाठी अर्ज लिहितात. व्यसनमुक्तीच्या संस्थेत वकील कशाला, असं ज्याला वाटेल त्याने या दोन परिच्छेदांतले कायदे पुन्हा वाचावेत.

घरातला दिवस साधाच. वेळेवर उठणं, वाट्याला आलेलं काम, बारा पायऱ्यांच्या पद्धतीची बैठक, रात्री ठरलेल्या वेळेच्या आत परतणं. तुरुंगात वर्षं काढलेल्या माणसाला दार स्वतः उघडायचीही सवय राहिलेली नसते. भूक लागली म्हणून कोणाला न विचारता फ्रीज उघडणं, हेही शिकावं लागतं. शिकवणारी बाई आधी त्याच वाटेने गेलेली असते. ‘मला कळतं’ असं म्हणण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही, हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सगळीकडे मान्य आहे, आपल्याकडेही.

आपल्याकडचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवरा दाखल होतो, तेव्हा बहुधा घर धरून ठेवणारी कोणी तरी मागे असते. मुक्तांगणने पुढे स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला. तिथे येणाऱ्या बाईच्या मागे घर धरून ठेवणारा पुरुष असेलच, असं धरून चालता येत नाही. पिणारा नवरा हे आपल्या समाजाला दुःख वाटतं आणि पिणारी बायको ही बेअब्रू वाटते. वॉट्समध्ये काय किंवा मुक्तांगणच्या येरवड्यात काय, बाई बरी झाल्यावर जाणार कुठे हा प्रश्न म्हणूनच पुरुषापेक्षा वेगळा आहे.

वॉट्ससारख्या घराला अमेरिकेत शेजारी सहसा विरोध करतात. वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स गावाने एका कुटुंबासाठी राखीव असलेल्या भागात नात्याच्या नसलेल्या पाचांहून अधिक जणांनी एकत्र राहायचं नाही, हा नियम पुढे करून दारू सोडलेल्यांचं एक घर हटवायचा प्रयत्न केला. ते घर ऑक्सफर्ड हाउस या जाळ्यातलं होतं. १९७५ मध्ये मेरीलँडमध्ये सुरू झालेल्या या घरांत व्यवस्थापक नसतो, भाडं वाटून भरतात आणि निर्णय मतदानाने होतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी गावाचा दावा फेटाळला गेला. व्यसनातून बरं होत असलेल्या माणसाला घरांच्या बाबतीत भेदभावापासून मिळणारं संरक्षण अशा नियमाच्या आडून टाळता येत नाही, हे पक्कं झालं. सध्या बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्यांना मात्र ते संरक्षण नाही.

खरा पेच तिथेच आहे. ऑक्सफर्ड हाउसमध्ये कोणी पुन्हा प्यायलं तर बाकीचे मत देतात आणि त्याला घर सोडावं लागतं. याच्या नेमका उलटा विचार १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी मांडला. आधी घर द्या, अट घालू नका, उपचार नंतर बघू. त्याचे निकाल चांगले आले. लोक घरात टिकले, रस्त्यावर परतले नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदाच केला की बेघरांच्या घरांसाठी राज्याचा पैसा हवा असेल तर व्यसन सोडण्याची पूर्वअट घालता येणार नाही. तत्त्व मला पटतं. पुन्हा व्यसनाकडे घसरलेल्या बाईला रात्री अकरा वाजता रस्त्यावर काढणं हा उपचार नव्हे. पण दोन महिन्यांपूर्वी क्रॅक सोडलेल्या बाईला शेजारच्या पलंगावरून तो वास आला तर तिचं काय, याचं उत्तर त्या कायद्यात नाही. स्वतःच्या मर्जीने निर्व्यसनी घर मागणाऱ्या बाईला ते मिळालं पाहिजे, आणि त्याच रस्त्यावर अट नसलेलं घरही असलं पाहिजे. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एकमेकांशी जेवढं भांडतात, तेवढं घरं वाढवण्यासाठी भांडले असते तर बरं झालं असतं.

पैशाचं बोलायचं तर कॅलिफोर्निया एका कैद्यामागे वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक खर्च करते. त्या रकमेत वॉट्समधलं एक घर किती काळ चालेल, याचा हिशेब बर्टनबाई भाषणांतून मांडत आल्या. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ४७ व्या प्रस्तावाने जवळ अमली पदार्थ बाळगणं हा किरकोळ गुन्हा ठरवला, आणि जुन्या शिक्षाही खाली आणता येऊ लागल्या. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तेच मतदार ३६ व्या प्रस्तावाने अर्धे मागे फिरले. तिसऱ्यांदा सापडलात तर उपचार पूर्ण करा, नाही तर तुरुंगात जा. पण तो उपचार कुठल्या खाटेवर आणि कोणाच्या पैशाने, हे प्रस्तावात धड सांगितलेलं नाही.

एका बैठ्या घराची आता अनेक घरं झाली आहेत आणि हजाराहून अधिक बायका त्यांतून गेल्या आहेत. २०१० मध्ये सीएनएनने बर्टनबाईंना वर्षातल्या दहा ‘हिरों’मध्ये निवडलं. स्वतः तुरुंगातून आलेल्या इतर राज्यांतल्या बायकांना अशी घरं काढायला त्यांची संस्था शिकवते, हे मला त्या सन्मानापेक्षा मोलाचं वाटतं. पुढचं पाऊल मात्र अडखळतं. अशा तात्पुरत्या निवासासाठी केंद्र सरकारने धरलेली मुदत जास्तीत जास्त चोवीस महिन्यांची आहे. दोन वर्षं व्यसनापासून लांब राहिलेली, मूल परत मिळवलेली, किमान वेतनावर पूर्ण वेळ काम करणारी बाई जेव्हा लॉस एंजलिसमध्ये एका बेडरूमचं घर शोधायला निघते, तेव्हा निम्म्याहून जास्त पगार भाड्यालाच जातो. शिवाय घरमालक जुनी नोंद तपासतो. काही जणी दोघी-तिघी मिळून भाड्याने घर घेतात. काही जणींना संस्थाच कामावर ठेवते, नव्या आलेल्या बायकांची कागदपत्रं करून द्यायला.