‘ढ’ मुलाला फळा दिसतो का?

मी शाळामास्तर. पुष्कळदा घरीदारी ‘ढ’ ठरलेल्या मुलाला फळ्यावरचा आकडा १ की ९, हेच दिसत नसते. ते बिचारे तक्रार तरी कशी करणार? सगळ्यांनाच असे अंधुक दिसते, अशी त्याची समजूत!

चीनच्या गान्सू व शान्शी प्रांतांतील २५२ प्राथमिक शाळांत २०१२-१३ साली प्रयोग झाला. काही शाळांतील अधू नजरेच्या मुलांना चष्मे फुकट दिले, काहींत नुसती नंबराची चिठ्ठी. वर्षअखेर चष्मे मिळालेली मुले गणितात सरस ठरली.

चिठ्ठ्या आमच्याही शाळेतून जातात. मुलीची असली की उत्तर येते, “आत्ताच चष्मा? पुढे लग्नाचे काय?” (मुलाच्या लग्नाची काळजी कोणी करीत नाही!)

या सुट्टीत मुलांचा एकेक डोळा झाकून, तुम्हांला दिसते तेवढ्या अंतरावरून कॅलेंडरातल्या तारखा वाचून घ्या. अडखळली, तर शाळा उघडण्यापूर्वी डोळ्यांचे डॉक्टर गाठा.