खापरीवरचं अर्धं हरीण

लहानपणी लगोरी रचायला आम्हाला खापऱ्या लागत. गिरणेकाठच्या आमच्या गावाबाहेर पांढरीचं टेकाड होतं. तिथं त्या हव्या तेवढ्या मिळत. एकदा एका तांबूस खापरीवर काळ्या रंगाचे चार पाय दिसले. थोडं पोटही होतं, वरचं जनावर मात्र गायब. अम्मी म्हणाली, "जपून ठेव बेटा, कुणाच्या तरी घरातलं भांडं असेल ते." मी ऐकलं नाही. चेंडू बसला आणि खापरी फुटली.

त्या पायांचा अर्थ पुढे वाचनातून कळला. आपल्या खानदेशात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी नद्यांच्या काठी शेतकऱ्यांची गावं वसली होती. जळगाव जिल्ह्यातल्या बहाळला १९५६-५७ मध्ये म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं. समोरच्या तीरावर टेकवाड्याला दफनं सापडली आणि त्यांच्यासोबत ठेवलेली भांडीही. तापीकाठच्या सावळद्यावरून तर एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळालं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या कावठे इथंही तिची वस्ती उजेडात आली.

सावळद्याचा कुंभार भांड्यावर प्राणी, पक्षी, मासे काढी. शेजारी बाणाची टोकंही काढी. जे रोज दिसे, जे रोज हाती असे, तेच भांड्यावर येई. पुढच्या जोर्वे काळातल्या भांड्यांवर मात्र रेघा, त्रिकोण, चौकटी अशी भौमितिक नक्षीच जास्त. ग्रीसमधल्या कोरिंथ शहरात भांड्यांवर सिंह आणि बोकड रांगेनं चालू लागले ते इसवी सनापूर्वी सातव्या शतकात. म्हणजे आपल्या कुंभारानंतर हजाराहून अधिक वर्षांनी!

तुकड्यावरून एवढं कळतं कसं? गझलेतला एक मिसरा हाती आला, की दुसऱ्याचं वजन समजतं. खापरीचंही तसंच. काठाच्या वळणावरून भांड्याचं तोंड केवढं होतं ते मोजता येतं. जाडीवरून, मातीच्या पोतावरून, रंगावरून घडण ओळखता येते. पण काळ ठरवायचा, तर ती कोणत्या थरात होती हे कळावं लागतं. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. थर मोडला, की साक्ष गेली.

आणि थर तर आपणच मोडतो. पांढरीची माती पिकाला चांगली, भिंतीलाही चांगली, म्हणून गाड्या भरभरून नेली जाते. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? ही माती काय आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून एवढंच सांगतो. पांढरीवर रंगीत खापरी दिसली तर उचलू नका, जागेवरच राहू द्या. गावातल्या शिक्षकांना दाखवा, पुरातत्त्व खात्याला कळवा.

माझ्या खापरीवरच्या जनावराला मी हरीण म्हणतो. बैलही असेल. ते कोणत्या थरातलं, किती जुनं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.