कुटुंबासह दुबईला जाताना : आधी शाळा, मग घर, मग तिकीट

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील मुस्लिम वस्त्यांत असे घर क्वचितच सापडेल, ज्यातील कोणी ना कोणी आखातात गेलेला नाही. पूर्वीची रीत अशी होती की, घरचा कर्ता पुरुष एकटा जायचा, खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहायचा, दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचा आणि बायको-मुले गावीच राहायची. आता ही रीत बदलत आहे. शिलाईचा कारागीर असो, एसी मेकॅनिक असो, सुतार असो की डेऱ्यात छोटे दुकान चालविणारा व्यापारी असो, मुलांना आपल्याजवळ ठेवावे, बापाच्या नजरेखाली वाढवावे, असे प्रत्येकाला वाटते. ही इच्छा रास्तच आहे. परंतु योग्य क्रम न पाळल्यामुळे पुष्कळ कुटुंबे वर्ष-दीड वर्षात कर्ज घेऊन परत येतात आणि मुलांचे एक शैक्षणिक वर्ष हातचे जाते. म्हणून दुबई आणि शारजा या दोन ठिकाणांपुरती ही सगळी बाब आम्ही येथे उलगडून सांगत आहोत.

कायद्याने बोलावता येते, हिशेबाने परवडते का?

संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी कुटुंबाचा व्हिसा मिळणे हे माणसाच्या हुद्द्यावर अवलंबून असे. 2019 साली हा नियम बदलला. आता हुद्दा नव्हे, उत्पन्न पाहिले जाते. महिना 4,000 दिरहम पगार, किंवा 3,000 दिरहम आणि कंपनीचे घर, एवढे असले की पत्नी आणि मुलांना बोलावता येते. स्वतःचा ट्रेड लायसन्स असलेला व्यापारीही गुंतवणूकदार किंवा भागीदार म्हणून कुटुंबाला बोलावू शकतो. 2022 पासून अविवाहित मुलगा 25 वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी अविवाहित असेपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकते.

इथेच पहिली फसगत होते. चार हजारांत व्हिसा मिळतो म्हणजे चार हजारांत संसार चालतो, असा अर्थ काढला जातो. प्रत्यक्ष आकडे मांडून पाहू. समजा, दुबईत एका बेडरूमच्या घराचे वर्षाचे भाडे 60,000 दिरहम ठरले. दोन मुलांची फी प्रत्येकी 9,000 आणि स्कूलबस प्रत्येकी 4,000 धरली. भाड्याच्या 5 टक्के इतकी नगरपालिकेची हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलातून दरमहा कापली जाते, तिचे वर्षाचे 3,000 झाले. बेरीज 89,000 दिरहम, म्हणजे महिन्याला जवळजवळ 7,400. यात अजून किराणा, वीज, औषधपाणी, पुस्तके, गणवेश आणि गावी पाठवायचे पैसे धरलेलेच नाहीत. दुबईत कुटुंबाचा आरोग्य विमाही ज्याने बोलावले त्यालाच काढावा लागतो. भाडे आणि फी ठिकाणाप्रमाणे कमी-जास्त होईल, पण हिशेबाची पद्धत हीच ठेवावी. पगार महिन्याचा असला तरी कुटुंबाचा हिशेब वर्षाचा करावा.

घर : चेकबुक आधी, चावी नंतर

आपल्याकडे डिपॉझिट देऊन दरमहा भाडे देण्याची चाल आहे. दुबईत भाडे वर्षाचे ठरते आणि ते पुढील तारखांच्या चेकने आगाऊ द्यावे लागते. एक, दोन, चार, सहा किंवा बारा चेक, जसा मालक ऐकेल तसे. चेक जितके कमी, तितके भाडे उतरवून मागता येते. यासाठी स्थानिक बँकेत खाते आणि चेकबुक आधी लागते. ते रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी झाल्याशिवाय मिळणे कठीण असते. म्हणून कर्त्या पुरुषाने आधी एकट्याने जाऊन हे उरकावे.

वरच्याच उदाहरणात चार चेक ठरले, तर चावी हातात येताना किती रोकड लागेल? पहिला चेक 15,000, डिपॉझिट रिकाम्या घराला सामान्यतः 5 टक्के म्हणजे 3,000 (सामानासह घराला 10 टक्के), दलालाचे 5 टक्के म्हणजे 3,000, वीज-पाण्याचे डिपॉझिट फ्लॅटसाठी 2,000. एकूण 23,000 दिरहम. नोंदणीचा किरकोळ खर्च वेगळा. एवढी रक्कम स्वतःची जमलेली असावी. क्रेडिट कार्डावर किंवा व्याजी कर्ज काढून पहिला चेक भरणारा माणूस दुसऱ्या चेकच्या तारखेला अडकतो, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. चेक केवळ पैसे नसल्यामुळे परत गेला, तर 2022 पासून सहसा तो फौजदारी गुन्हा धरला जात नाही. पण धनको तो चेक घेऊन थेट वसुली न्यायालयात जाऊ शकतो आणि देश सोडण्यावर बंदीही येऊ शकते.

भाडेकराराची दुबईत ‘इजारी’ या सरकारी पद्धतीत नोंदणी झालीच पाहिजे. शारजात करार नगरपालिकेकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. ही नोंद नसेल तर कुटुंबाच्या व्हिसाचे काम पुढे सरकत नाही आणि भांडण झाले तर भाडेकरूच्या हाती काही राहत नाही. घर ज्याच्या नावावर आहे, त्या माणसाकडून एक खोली पोटभाड्याने घेऊन कुटुंब आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे कायद्याला धरून नाही. शिवाय पार्टिशन टाकून केलेल्या खोल्यांवर नगरपालिका वेळोवेळी कारवाई करते. मुले शाळेत आणि बिऱ्हाड रस्त्यावर, अशी पाळी येऊ देऊ नये.

भाडेकरूचे हक्कही जाणून घ्यावेत. दुबईत नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढवायचे असेल, तर मालकाने मुदत संपण्याच्या 90 दिवस आधी कळविले पाहिजे. वाढ किती करता येईल, हे 2013 च्या आदेशाने ठरले आहे. चालू भाडे त्या भागाच्या सरासरीपेक्षा 10 टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ नाही. त्याहून कमी असेल तर टप्प्याटप्प्याने 5 ते जास्तीत जास्त 20 टक्के. जानेवारी 2025 पासून हा निर्देशांक इमारतवार पाहता येतो. घर विकायचे किंवा स्वतःला राहायला हवे म्हणून मालकाला खाली करून घ्यायचे असेल, तर नोटरी किंवा रजिस्टर टपालाने 12 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तोंडी धमकीला घाबरून सामान बांधू नये.

शाळा : फीच्या आधी वर्ष आणि वय पाहा

घर कुठे घ्यावे, हा प्रश्न खरे तर शाळा कुठे मिळते, यावर सोडावा. दुबईत अल कुसैस आणि मुहैसना भागात भारतीय अभ्यासक्रमाच्या बऱ्याच शाळा आहेत. शारजात मुवैला भागात आहेत. शारजात भाडे कमी म्हणून तिकडे राहायचे आणि मूल दुबईच्या शाळेत घालायचे, असे केल्यास सकाळ-संध्याकाळची वाहतूक मुलाला सोसावी लागते. राहणार त्याच शहरात शाळा पाहावी. मात्र 2022 पासून शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी आहे आणि तेथील शाळा चारच दिवस भरतात. दुबईत काम करणाऱ्या आई-बापांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

दुबईतील खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख आहे, शारजात हे काम एसपीईए पाहते. दुबईच्या शाळांना तपासणीनंतर ‘उत्कृष्ट’पासून ‘अतिशय कमकुवत’पर्यंत दर्जा दिला जातो आणि शाळावार मंजूर फीही जाहीर असते. दलालाच्या सांगण्यावर न जाता तेथेच पाहावे. दुबईत अर्जाची फी 500 दिरहमपेक्षा जास्त घेता येत नाही आणि प्रवेश निश्चित करताना वर्षाच्या फीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. ती पुढे फीमधून वजा झाली पाहिजे. पावती मागायला संकोच करू नये.

आता खरी अडचण. महाराष्ट्रातील शाळा जूनमध्ये सुरू होते. तेथील भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाळी सुट्टी असते. आपल्या मुलाची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये चालू असते, तेव्हा तिकडे पुढच्या इयत्तेचे धडे सुरू झालेले असतात. निकाल आणि दाखला हाती घेऊन जूनमध्ये पोहोचलेला मुलगा दोन महिने मागे पडतो, तर सप्टेंबरमध्ये गेलेल्याला जागाच मिळत नाही. म्हणून चौकशी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू करावी, प्रवेश परीक्षेची तारीख घ्यावी आणि मागील दोन वर्षांची प्रगतिपुस्तके तयार ठेवावीत.

वयाचीही तफावत आहे. एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या शाळांत पहिलीसाठी 31 मार्चला मुलाला 6 वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात ही तारीख 31 डिसेंबर धरली जाते. त्यामुळे इथे पहिलीत बसलेले लहान मूल तिथे एक इयत्ता खाली बसविले जाऊ शकते. आई-बापांनी हे अपमानाचे समजू नये.

भाषेचा प्रश्न सर्वांत नाजूक. जिल्हा परिषदेच्या उर्दू किंवा मराठी शाळेतून आलेल्या मुलाला तेथे सर्व विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. शिवाय शाळांत अरबी हा विषय सक्तीचा आहे आणि मुस्लिम मुलांना इस्लामी शिक्षणही. मकतबमध्ये नाजरा झालेल्या मुलाला अक्षरे ओळखीची असल्याने थोडा हात मिळतो, पण वाचता येणे आणि भाषा समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जाण्यापूर्वी निदान सहा महिने इंग्रजी आणि गणिताची शिकवणी लावावी. तेथे फी भरून मूल नापास होण्यापेक्षा हा खर्च स्वस्त आहे.

मूल मोठे असेल तर आणखी सावधगिरी हवी. सीबीएसई बोर्डाची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. दहावी-बारावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. न्यायचे असेल तर आठवीपर्यंत न्यावे. नववी ओलांडली असेल तर दहावी गावीच पूर्ण होऊ द्यावी. पुढे इंजिनिअरिंग किंवा अन्य व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्रात परतायचे झाल्यास, बाहेर शिकलेल्या मुलाला अधिवासाचा दाखला महत्त्वाचा ठरतो. तो दाखला मिळविण्यास लागणारे गावचे कागद जपून ठेवावेत.

कागदपत्रे : नावाचे एक अक्षरही महाग पडते

काझी साहेबांनी दिलेला उर्दू निकाहनामा घरी जपून ठेवलेला असतो, पण व्हिसासाठी एवढा पुरत नाही. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिका-महानगरपालिकेत करता येते. तो दाखला काढावा. मुलाचा जन्मदाखला जुना, हाताने लिहिलेला आणि फक्त मराठीत असेल, तर मराठी-इंग्रजी नवीन नक्कल घ्यावी. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

आपल्या समाजात सर्वाधिक खोळंबा नावांमुळे होतो. एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर ‘मोहंमद’, तिसऱ्यावर नुसते ‘मो.’, आईचे जन्मदाखल्यावर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे. वडील, आई, मूल यांची नावे इंग्रजी अक्षरांसह सर्व कागदांवर सारखी करून घ्यावीत. तिकीट काढल्यावर ही दुरुस्ती होत नाही.

त्यानंतर साक्षांकन. विवाह आणि जन्माचे दाखले व मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला हे क्रमाने राज्य शासन, दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीची वकिलात आणि शेवटी तेथील परराष्ट्र मंत्रालय, अशा शिक्क्यांतून जातात. शाळेच्या दाखल्यावर त्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्यावी. परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही; त्याने नेमलेल्या एजन्सींमार्फतच ते स्वीकारले जातात. त्यामुळे ‘आतून करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मूळ कागद देऊ नयेत.

क्रम ध्यानात ठेवा

प्रथम वर्षाचा हिशेब मांडावा. तो जुळला तर नावे दुरुस्त करून कागदांचे साक्षांकन करावे. मग शाळेत जागा पक्की करावी, तिच्या जवळ घर घ्यावे, करार नोंदवावा, व्हिसा काढावा आणि शेवटी तिकीट. व्हिजिट व्हिसावर कुटुंब आणून ‘बघू पुढे’ म्हणणाऱ्याला हीच सगळी कामे उलट क्रमाने आणि दुप्पट खर्चात करावी लागतात.

आणि हिशेब जुळलाच नाही तर? तर कुटुंब गावी ठेवून मुलांना चांगल्या शाळेत घालणे आणि दरवर्षी सुट्टीत येणे, यात कमीपणा काहीच नाही. शेजाऱ्याने बायको-मुले नेली म्हणून आपणही न्यावीत, हे काही कारण नव्हे. दोन वर्षे थांबून, 23,000 गाठीला बांधून गेलेला बाप, उधारीच्या चेकवर घाईने नेणाऱ्या बापापेक्षा आपल्या मुलांचे अधिक भले करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.