थोरल्याचा दिवस, मावशीची मजुरी

पहाटे 5.
विडीची पानं रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीत. पण मावशीचा हात आधी थोरल्याच्या अंथरुणाला लागतो. ओलं आहे. चादर ओढायची, त्याला कुशीवर वळवायचं, जुन्या लुगड्याची घडी सरकवायची. थोरला, तिचा मतिमंद मुलगा, सत्तावीस वर्षांचा, अंगानं भरलेला. मावशी साठीला टेकलेली. मेडिकलमध्ये मोठ्या माणसाचे डायपर मिळतात. साधारण दोनशे विड्या वळाव्यात तेव्हा एक डायपर येतो. म्हणून लुगडंच.

सकाळी 6:30.
आंघोळ. प्लास्टिकची खुर्ची न्हाणीत. हाताला धरून उठवायचं नाही, काखेत हात घालायचा. हे तिला कुणी शिकवलं नाही, कंबर लचकल्यावर कळलं. दाढी तीच करते. पातं गालावर आलं की थोरला हसतो, आणि हसला की थांबावं लागतं. अर्धी दाढी, मग चहा, मग उरलेली अर्धी.

सकाळी 8.
भाकरी-दुधाचा काला. फिटची गोळी केळ्यात घालून. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट असतात, संपल्या की विकत. कोल्हापूर इथून चाळीस किलोमीटर, तिथं डॉक्टरशी मराठीत बोलता येतं. पण गाव कर्नाटकात, मावशीचे कागदही कर्नाटकातले. लाल बसचं बायकांचं फुकट तिकीट बेळगावपर्यंत थेट चालतं, कोल्हापूरपर्यंत नाही.

सकाळी 9:30.
मांडीवर सूप. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्री फिरवायची, शिरा काढायच्या. चिमूटभर जर्दा, वळण, दोरा, तोंड मुडपायचं. पंचवीस विड्यांचं एक बंडल. शेजारणी दिवसाला हजारापर्यंत जातात. मावशीचं सहाशेवर अडतं. दर पंधरा मिनिटांनी उठावं लागतं. कात्री ती गुडघ्याखाली दाबून ठेवते आणि दाराला दोरी बांधते. मागं एकदा थोरला हायवेला सापडला होता.

त्यालाही काम आहे. झालेली बंडलं तो भिंतीला रांगेत लावतो. रांग कुणी हलवली तर ओरडतो. हिशेबाला बरं पडतं.

सकाळी 11:30.
शेजारीण डोकावते. “मावशी, धारवाडला ठीव की याला. किती दिवस करशील?”
“नेलं हुतं की. तपासलं, दाखला दिला. भरती न्हाई म्हणाले.”

धारवाडचं मनोरुग्णालय 1845 सालचं. 1912 च्या कायद्यानं वेडे आणि मतिमंद एकाच व्याख्येत बसवले होते, म्हणजे थोरल्यासारख्याला अशा जागी कायमचं ठेवता येत होतं. 1987 च्या कायद्यानं मतिमंदत्व त्यातून बाहेर काढलं. तो 1993 ला लागू झाला, 2017 च्या कायद्यानंही तेच ठेवलं. गंमत म्हणजे न्यूयॉर्कची विलोब्रुक ही सरकारी संस्थाही 1987 लाच बंद झाली. चार हजारांच्या जागेत सहा हजार माणसं कोंबली होती तिथं. बंद झाली ते उत्तमच. तिथल्या माणसांसाठी वस्त्यांमध्ये छोटी घरं काढावी लागली, पगारी माणसं नेमावी लागली. इथं दार लागलं, आणि पुढचं काम बिनपगारी मावशीकडे आलं.

शेजारीण चहा पिऊन जाते. मावशीच्या तेवढ्या विड्या कमी.

दुपारी 2.
प्लास्टिकच्या पिशवीतले कागद. अपंगत्वाचा दाखला, आधार, पासबुक. पेन्शन मध्येच थांबली आहे. अंगठा जुळत नाही. थोरला मूठ उघडत नाही, ओढून उघडली तर घामेजलेली. अर्ज कानडीत. नाक्यावरचा झेरॉक्सवाला भरून देतो, पन्नास रुपये. मावशी म्हणते, “लिहिलंय काय ते त्यालाच ठावं.”

सायंकाळी 5.
विड्या द्यायला कारखान्यात. थोरल्याला घरी ठेवायची सोय नाही, म्हणून बरोबर. दहा मिनिटांची वाट पाऊण तासाची होते. कुत्रं दिसलं की थांबायचं, वाजणारी रिक्षा आली की कान झाकायचे. मुनीम बंडलं दाबून बघतो. सैल निघाली ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, विड्या मात्र परत मिळत नाहीत. आज सहाशेतल्या पंचवीस गेल्या. मावशी वाद घालत नाही. थोरला गर्दीत कावराबावरा होण्याआधी तिला निघायचं असतं.

रात्री 8.
जेवण, गोळी, अंथरूण. उद्याची पानं भिजत घालायची. लेक गडहिंग्लजला दिलीय, महाराष्ट्रात. तिचा फोन येतो. “माझ्यामागं तू बघशील न्हवं?” मावशी विचारते. लेक हो म्हणते. जावयाचं काय, हे कुणी विचारत नाही.

लेकीचा होकार कागदावर आलेला नाही. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थानिक समिती असते. अठरा वर्षांवरच्या मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग माणसाला ती कायदेशीर पालक नेमून देते. याच ट्रस्टच्या निरामय विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारखर्चाची तरतूद आहे. मावशीला यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात, गल्लीत असा थोरला असेल तर पालक नेमण्याचा अर्ज आई-बाप हिंडते-फिरते असतानाच करा, आणि कर्नाटकात असाल तर कानडी येणाऱ्या माणसाला बरोबर न्या.