तसलमात

सरकारी दफ्तरांत अजून जिवंत राहिलेल्या ज्या काही यावनी वळणाच्या शब्दांवर माझा विशेष जीव आहे, त्यांत ‘तसलमात’ हा शब्द फार वरचा. खर्च व्हायचा असतो, त्याला मंजुरीही मिळालेली असते, परंतु पावत्या मात्र अद्याप जन्माला यावयाच्या असतात. अशा अधांतरी अवस्थेत, हिशेब मागाहून रुजू करण्याच्या बोलीवर जी रक्कम कुणाच्या हाती सोपवितात, ती तसलमात. हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या खो-खो संघाच्या पाठीमागे चार दिवस हिंडले की हळूहळू ध्यानात येते, की तिथल्या विद्यार्थ्याचा खेळ आणि त्याचे शिक्षण ही दोन्ही या एकाच शब्दाच्या आधाराने चालली आहेत. फरक इतकाच, की खेळाची तसलमात निदान कीर्दीत लिहिली जाते.

हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा निघाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ एवढे पाच तालुके; बहुतेक सारा संसार सोयाबीन, हळद आणि पावसाच्या लहरीवर. विद्यापीठ नांदेडला, विष्णुपुरीच्या परिसरात: स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनाच्या तिथीवर स्थापन झालेले, आणि नांदेड, परभणी, लातूर, हिंगोली अशा चार जिल्ह्यांचे. परंतु विद्यार्थ्याचा खरा परिसर म्हणजे सकाळची एसटी. मासिक पासावर त्याला भाड्याची एक-तृतीयांश रक्कमच भरावी लागते, बारावीपर्यंतच्या मुलींना तर तीही नाही. आणि कुणी कितीही योजनांची नावे सांगोत, या भागातल्या उच्च शिक्षणाला सर्वांत अधिक हातभार त्या लालसर पासानेच लावला असावा, असे माझे मत आहे.

क्रीडासचिव म्हणून ज्याची निवड होते, त्या मुलाला आरंभी वाटते की आपल्याला संघ खेळवायचा आहे. आठवडाभरात त्याला उमगते की आपल्याला कागद खेळवायचे आहेत. प्रत्येक खेळाडूचे पात्रतापत्रक, त्यावर जन्मतारीख, बारावी उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, चालू प्रवेशाचा क्रमांक, प्राचार्यांची सही व शिक्का. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची प्रवेशिका मुदतीच्या आत. प्रवासभत्ता नि दैनिक भत्ता यांची दरखास्त निराळी. भत्ता मंजूर होतो, पण हाती पडतो तो पुष्कळदा सामने उरकल्यावर. मधल्या काळात क्रीडाशिक्षक आपल्या खिशातून भर घालतात, किंवा सचिव कुणाकडून तरी उसने आणतो.

मैदानाची कथा याहून न्यारी. खो-खोच्या नियमांना शिस्त लावण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास हाती घेतले, असे या खेळाचे जाणकार सांगतात; मात्र ज्या काळ्या मातीवर हिंगोलीची पोरे तो खेळतात, तिला त्या नियमांची वार्ता नाही. पावसाळ्यात ती पायाला लाडूसारखी चिकटते आणि उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मुरूम आणायचा, पसरायचा, पाणी मारून रूळ फिरवायचा, आणि मगच आखणीला हात घालायचा. सकाळी सहाच्या सुमारास दोघे जण दोन खांबांच्या मध्ये सुतळी ताणून धरतात, तिसरा फुटक्या डब्यातून फक्कीची धार सोडीत उलटा चालत जातो, आणि त्याच्या पावलांमागे मधली पाटी, तिला छेदणाऱ्या आडव्या पाट्या, पाठलाग करणाऱ्यांना बसावयाचे आठ चौक असे उजळत जातात. वारा सुटला तर निम्मी फक्की त्याच्याच तोंडावर. एक गोणी किती आखण्यांना पुरते, हे अर्थशास्त्राच्या वर्गात न शिकविलेले गणित या पोरांना तोंडपाठ असते.

आणि नेमके हे सामने ज्या दिवसांत यावेत, त्या दिवसांत सोयाबीन काढणीला आलेले असते. विद्यापीठाचे पंचांग एक, शिवाराचे दुसरे. औंढ्याकडच्या एका गावी मी ऐकलेला संवाद असा: ओट्यावर बसलेला बाप म्हणाला, “शेंगा फुटायल्यात बाबा वावरात. दोन दिवस लेकरू गेलं, तर काढील कोण?” त्यावर सचिवाने मान खाली घालून सांगितले, “काका, शनिवारी सामने हायेत. आइतवारी आम्ही समदे येतो काढायला.” आणि ते आले. नऊ खेळणारे, त्यांच्यासोबत राखीव गडी, सगळे विळे घेऊन. संध्याकाळपर्यंत दीड एकर आडवा. बापाने आपला मुलगा दोन दिवस उसना दिला होता, त्याची फेड संघाने अंगमेहनतीने केली. या व्यवहाराचे व्हाउचर कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

बापाने पोराला जाऊ दिले, यामागे केवळ खेळाचे कौतुक होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर कलरकोट मिळतो, आंतरविद्यापीठ स्पर्धांचे दार उघडते, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे ही गोष्ट आता वाडीवस्तीवरही ठाऊक आहे. कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालते, आणि त्याची पडताळणी कशी होते, हा निराळा आणि पुरेसा काटेरी विषय; पण आशा करण्यास प्रमाणपत्र लागत नाही.

आता शिक्षणाच्या पैशाकडे वळू. मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला घर सोडल्याखेरीज पदवी नाही, ही जुनीच रीत. निजामी राजवटीत १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेस आणि त्याचे माध्यम उर्दू. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल तिथल्या वसतिगृहांतून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेऊन आपले शिक्षण पुरे केले. औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय उघडले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावाजले. विद्यापीठ यावयास १९५८ उजाडावे लागले. स्वतः बाबासाहेब १९१३ साली कोलंबियास गेले ते बडोदे संस्थानाच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर संस्थानची चाकरी करीन असे लिहून देऊन. हीही तसलमातच, हिशेब द्यावयाचा तो आयुष्याच्या वर्षांत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी यावर उलटा तोडगा काढला. ज्याच्यापाशी गहाण टाकावयास काही नाही, त्याने आपले श्रमच भांडवल समजावे, या विचाराने १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले आणि ‘कमवा व शिका’ ही योजना पुढे महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांनी उचलली. ग्रंथालयात पुस्तके लावणे, बागेला पाणी घालणे, कार्यालयात टाचणे-फाइली करणे, असे तासावारीचे काम करून आपला खर्च भागविणारी मुले आजही आहेत.

आजच्या योजनांची नावे मोठी आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निर्वाहाची रक्कम मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती मुळात वर्षाला ४३,००० रुपये ठरविली गेली: भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. भोजनाची रक्कम दहा महिन्यांवर वाटली तर महिना अडीच हजार पडतात. आर्थिक दुर्बलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्कयोजना आहे, आणि २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा शुल्के माफ झाली आहेत. बँकेचे ४ लाखांपर्यंतचे शैक्षणिक कर्ज तारणाविना मिळू शकते, तथापि ‘कर्ज’ हा शब्द ऐकताच शेतकऱ्याच्या घरात जी शांतता पसरते, ती ज्याने अनुभवली त्याला या सवलतीचे अप्रूप वाटणार नाही.

या योजना खोट्या नाहीत. त्यांनी हजारो घरांना पहिला पदवीधर दिला. अडचण आहे ती वेळेची. तलाठ्याचा अहवाल, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधारशी जोडलेले बँकखाते, मग महाडीबीटीवरची दरखास्त, मग त्रुटीपूर्तता. आणि पैसे हप्त्याहप्त्याने, शासनाच्या आर्थिक वर्षाच्या चालीने. खानावळीचा महिना मात्र दर महिन्याला संपतो. या मधल्या दरीवर पूल कोण बांधते? आईचा बचतगट बांधतो. खानावळवाली मावशी वहीत नाव लिहून ठेवते. वसमतची हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन बाजारात यावयाची असते फाल्गुन-चैत्रात, नेमकी परीक्षेच्या तोंडावर. पण तिच्यावर आडत्याकडून बापाने आधीच काही रक्कम उचललेली असते. ऊसतोडीला जाणारी घरे मुकादमाकडून घेतात तिलाही ‘उचल’च म्हणतात. तसलमातीची फेड पावत्यांनी होते, उचलीची फेड पाठीच्या कण्याने. आणि एकाच विद्यार्थ्याच्या पदवीत पुष्कळदा या दोन्ही रकमा मुरलेल्या असतात.

ज्या सचिवाविषयी मी लिहीत आहे, त्याची वही मी चाळून पाहिली. पुठ्ठा सुटलेला, पण आतला जमाखर्च सुवाच्य: फक्की गोणी एक, सुतळी, एसटीची तिकिटे टाचणी लावून, केळी दोन डझन, उसाचा रस तेरा ग्लास. रसाचे २६० रुपये कार्यालयाने नामंजूर केले होते, कारण रसवंतीवाल्यापाशी शिक्क्याची पावती नव्हती. त्याने वादही घातला नाही. पुढल्या जूनमध्ये तो पदव्युत्तर वर्गासाठी नांदेडला गेला, आणि वही नव्या सचिवाच्या हाती आली. तिने, होय, या खेपेस मुलगी आहे, पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घालून वरच्या ओळीत लिहिले: मागील पानावरून पुढे, येणे रुपये २६०.