बिडाचे भांडे आणि त्यावरचा काचेचा लेप



छत्रपती संभाजीनगरात नान-कलिया कोणाला ठाऊक नाही? महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराबरोबर हा पदार्थ इकडे आला असे सांगतात. कलिया शिजतो तो तांब्याच्या मोठ्या देगीत, आणि देगीला आतून कल्हई असते. भाता मारून भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने चकाकी आणायची. हा खटाटोप कशासाठी? आंबट तांब्याला लागू नये म्हणून. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे आपल्या आजीला पुस्तक न वाचता माहीत होते.

आता काही घरांतून जड, रंगीत, आतून गुळगुळीत अशी इनॅमलची भांडी दिसू लागली आहेत. त्यांचे तत्त्व हेच. अंग एकाचे, अस्तर दुसऱ्याचे. अंग बिडाचे. (बीड म्हणजे आपला शेजारचा जिल्हा नव्हे बरं का, साच्यात ओतलेले लोखंड.) अस्तर मात्र काचेचे. काचेची पूड लोखंडावर चढवून भांडे सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत घालतात. पूड वितळते आणि लोखंडाला घट्ट धरते. दागिन्यांवरची मीनाकारी ही याच विद्येची नाजूक बहीण. फ्रान्समध्ये १९२५ साली निघालेल्या ल क्रूझे कारखान्याने ही भांडी जगभर नेली.

काचेला आंबटाचे भय नाही. म्हणून आंबाडीची भाजी, चिंचेचे सार, टोमॅटोची आमटी यांत बेलाशक करा. साध्या बिडाच्या कढईत ती काळी पडते, इथे पडत नाही. येसर घातलेले कालवण तर मंद आचेवर सुरेख होते, कारण जाड बीड हळू तापते आणि हळूच निवते. गॅस पाच मिनिटे आधी बंद केला तरी आत रटरट चालूच.

पण काच ती काचच. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे रिकामे भांडे विस्तवावर ठेवू नये. इनॅमल वितळणार नाही, ते तडकेल. आमच्या घरी हेच झाले. भाजी खाली लागली, मी घाईने गरम भांडे नळाखाली धरले. टिचकन आवाज झाला आणि तळाशी कोळ्याचे जाळे उमटले! गार पाण्याने वरची काच एकदम आकसू पाहते, खालचे तापलेले बीड तिला आकसू देत नाही, आणि ताण काचेला सोसत नाही. चांगले महागाचे भांडे एका क्षणात गेले.

तेव्हा आधी तेल किंवा पाणी घाला, मग मंद ते मध्यम आच. फोडणीलाही मोठा जाळ नको. भाकरी मात्र यात मुळीच भाजू नका. तिला साधा तवाच हवा. लाकडी डाव वापरा आणि तो काठावर आपटू नका, आपली ती सवयच असते! सांडशीने काठ धरला तर टवका उडतो. दोन्ही कान जाड फडक्याने धरावेत.

धुण्याआधी भांडे आपसूक निवू द्या. लागले असेल तर कोमट पाण्यात भिजवा, तरी न निघाल्यास खाण्याचा सोडा घालून पाणी मंद उकळा. राख, वाळू, तारेचा चोथा वर्ज्य. काठाला जिथे उघडे बीड दिसते तिथे पुसून तेलाचे बोट फिरवा, नाहीतर गंज चढतो. उतरंड करायची असल्यास मध्ये फडके घाला.

आणि आतला टवका उडाला तर? बाहेरचा असेल तर शोभा तेवढी जाते. आतला असेल तर त्यात शिजवणे थांबवा. काचेची कपची अन्नात येण्याचा धोका असतो. इथे देगीचे बरे, तिला पुन्हा कल्हई लागते. हा लेप घरी किंवा गल्लीत लावता येत नाही.

आमचे ते तडकलेले भांडे आता गच्चीवर आहे. उन्हाळ्यात चिमण्यांचे पाणी त्यात असते.