मगरिबनंतरचं बहरीन

मनामा :

बहरीनला येणारा पाहुणा एक दिवस मॉलमध्ये घालवतो, दुसऱ्या दिवशी सौदी अरेबियाला जोडणारा 25 किलोमीटरचा किंग फहद पूल बघतो आणि देश बघून झाला असं मानतो. या देशातली माणसं बघायची असतील तर दिवस मावळल्यावर एखाद्या सार्वजनिक बागेत यावं, असं मी आग्रहाने सांगेन. गुदैबियाची अल-अंदलुस बाग असो, मधोमध तलाव असलेलं वॉटर गार्डन असो किंवा हिद्दला समुद्राकाठची खलिफा बिन सलमान बाग.

दुपारी इथे चिटपाखरू नसतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो, हवेत समुद्राचा दमटपणा असतो. या काळात भर दुपारी उघड्यावर मजुरांना कामाला लावणं कायद्यानेच बंद आहे. सूर्यास्ताच्या नमाजाची, म्हणजे मगरिबची अजान होते आणि मग अर्ध्या-पाऊण तासात हिरवळ भरून जाते.

बहरीनी कुटुंब येतं ते गालिचा, थर्मास आणि खजुराचा डबा घेऊन. मध्यभागी काळ्या अबायातली आजी, भोवती लेकी-सुना आणि नातवंडं. छोट्या छोट्या कपांतून वेलदोड्याची कॉफी फिरत राहते. शेजारच्या चटईवर केरळी कुटुंब, त्यापलीकडे वाढदिवस साजरा करणाऱ्या फिलिपिनो मुली. सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्यामुळे शुक्रवारी बांगलादेशी, पाकिस्तानी आणि तेलंगणातून आलेले कामगार घोळक्याने बसलेले दिसतात. त्यातले निम्मे तरी मोबाइलच्या पडद्यावर आपल्या मुलांशी बोलत असतात. मराठीही कानावर पडतं, कधी पुण्या-मुंबईच्या इंजिनिअर मंडळींचं, कधी चिपळूण-खेडकडच्या कोकणी मुस्लिम घरांतलं.

चटया मात्र एकमेकींना लागत नाहीत. जो तो आपल्या माणसांत बसतो, आपलं खातो, आपली भाषा बोलतो. नव्या माणसाला हा दुरावा खटकतो. मला तो समजून घ्यावासा वाटतो. सुमारे पंधरा लाख वस्तीच्या या देशात निम्म्याहून अधिक लोक परदेशी आहेत, भारतीयच तीन लाखांहून जास्त. त्यांच्यातल्या बहुतेकांचं राहणं नोकरीच्या परवान्याला बांधलेलं असतं. नोकरी संपली की बाडबिस्तरा आवरायचा. वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्यालाही नागरिकत्व मिळेल अशी आशा नसते. अशा माणसाला घरभाडं, बिल, परवाना काहीही न विचारता बसू देणारी जागा या शहरात फार थोडी आहे. ती ही हिरवळ. म्हणून एखादी बाग दुरुस्तीसाठी बंद होते तेव्हा तिची उणीव सगळ्यात जास्त भासते ती एका खोलीत सहा-आठ जण राहणाऱ्यांना. नगर आखणाऱ्यांनी हे कधीही विसरू नये.

जुन्या बहरीनी माणसांशी बोलायला बसलं तर गाडी हमखास मुंबईवर येते. तेलाची पहिली विहीर लागली 1932 साली. त्याआधी हे बेट मोत्यांवर जगत होतं आणि इथल्या मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई. जपानच्या कृत्रिम मोत्यांनी तो धंदा बसवला, पण नातं तुटलं नाही. 1965 साली दिनार आला, तोवर इथे रुपयाच चालत होता आणि शेवटची काही वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा काढलेला रुपया. इथल्या चहाच्या दुकानांत अजून कॅरमचे डाव रंगतात, आणि सामोशाला सगळे सँबूसा म्हणतात.

या हिरवळीमागे पाण्याची एक दुखरी कथा आहे. बहरीन पूर्वी गोड्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध होतं. समुद्राच्या तळाशीही गोडं पाणी उसळायचं, आणि मोती काढणारे पाणबुडे ते पखालींत भरून आणायचे. मनामाजवळच्या अदारी झऱ्याचं पाणी पाटांनी लांबच्या खजुरीच्या बागांना जाई. जवळच्यांना कोरडं ठेवून दूरच्यांना पाजणारी अदारी, अशी म्हणच पडली आहे. घरात कंजूष आणि बाहेर उदार असलेल्या माणसाला आजही ती ऐकवतात. बोअरवेलने जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं गेलं, त्यात समुद्राचं खारं पाणी शिरलं आणि झरे आटले. अदारीच्या जागी आता पाळणे आणि झोके असलेलं करमणुकीचं उद्यान आहे. पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचं खारेपण काढून मिळवतात. बागा आणि रस्त्याकडेची झाडं बऱ्याच प्रमाणात तुबलीच्या केंद्रात शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगतात. मराठवाड्यातल्या वाचकाने हे ध्यानात ठेवावं. झरे गेल्यावर हे शहाणपण यायला नको होतं, पण आलं ते मनापासून अमलात आणलं आहे.

दक्षिणेच्या वाळवंटात एक झाड एकटंच उभं आहे. वय चारशे वर्षांच्या आसपास, जवळपास कुठेही पाणी दिसत नाही. इथले लोक त्याला जीवनवृक्ष मानतात. ते आपल्या दसऱ्याच्या पूजेतल्या शमीच्या जातीचं आहे, हे कळल्यावर मराठी पाहुणे त्याच्याकडे वेगळ्याच मायेने बघतात.

बागेत येणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत या. सोबत एक जुनी चादर ठेवा. बायकामुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, ते इथे फार वाईट दिसतं. आणि शेजारच्या गालिच्यावरून कॉफीचा कप पुढे आला तर उजव्या हाताने घ्या, नाही म्हणू नका. पुरे झालं की कप किंचित हलवून परत द्या. नाही हलवला तर यजमान तो पुन्हा भरतो.